मापाची फळी

बोर्ड म्हटला की आम्हा बँकवाल्यांच्या डोळ्यांपुढे संचालक मंडळ येतं. लांबलचक, गुळगुळीत आणि काहीही झालं तरी वर तरंगणारं! कॅलिफोर्नियातला शर्यतीचा पॅडलबोर्ड हा त्याचा मेहनती भाऊ. त्यावर पालथं पडायचं किंवा गुडघे टेकायचे, आणि दोन्ही हातांनी पाणी ओढत कॅटलिना बेटापासून मॅनहॅटन बीचच्या धक्क्यापर्यंत ३२ मैल जायचं. १९५५ साली सुरू झालेली, १९६० नंतर बंद पडलेली आणि १९८२ साली पुन्हा उभी राहिलेली ही शर्यत. होडीवाल्यांनी हसावं असा प्रकार, पण माणसं हौसेनं करतात.

आता ही फळी निवडायची कशी? जाहिराती सांगतात : 'वेगवान, स्थिर, हलकी.' वधूवर सूचक मंडळाचीच भाषा! अहो, वेग आणि स्थैर्य म्हणजे मुदत ठेवीचं व्याज आणि बचत खात्याची सोय. दोन्ही एकाच खात्यात मागणाऱ्याला आम्ही काउंटरवरून चहा न देता परत पाठवतो. फळी अरुंद केली की पाणी कमी अडतं, पण वरचा माणूस डुचमळतो. गुडघ्यांवर बसला तर जास्तच. आणि दर दोन मिनिटांनी समुद्रात पडणाऱ्याला वेगवान फळीचा उपयोग काय?

हाताने फळी घडवणाऱ्याला तिकडे शेपर म्हणतात. फोमचा ठोकळा, रांदा, पॉलिश पेपर, वर काचतंतू आणि राळेचा लेप. या धंद्याचा आद्य पुरुष टॉम ब्लेक. होनोलुलूच्या बिशप म्युझियममधल्या जुन्या हवाई फळ्या त्याने डागडुजी करून पाहिल्या, मग तशीच फळी करताना वजन घटावं म्हणून लाकडाला भोकंच भोकं पाडली आणि वरून पातळ लाकूड डकवलं. पोकळ फळीचं पेटंट त्याला १९३२ साली मिळालं.

मला स्वतःला स्टॉक गट आवडतो. लांबी १२ फूट, वजन निदान २० पौंड. मोकळ्या गटात लांबी वाढवून, सुकाणू बसवून वेग मिळवता येतो. इथे ती सोय नाही. म्हणून कारागिराची खरी परीक्षा इथे. सगळा हिशेब रुंदीत, जाडीत आणि आकारमानात. एक लिटर आकारमान साधारण एक किलो वजन तोलतं. नव्वद किलोच्या गड्यासाठी घडवलेल्या फळीवर पंचावन्न किलोचा मुलगा पडला तर ती पाण्यावर उंच राहते, वारा तिला ढकलतो, आणि पोराचे हात पाण्याला धड पुरत नाहीत. उलट केलं तर कडा बुडतात आणि माणूस फळीसकट समुद्र ओढतो. समुद्रही बघावा लागतो : मोलोकाई ते ओआहूच्या खाडीत मागून लाटा येतात, तिथे नाक वर वळलेलं हवं, शांत पाण्यात तेच नाक नुसता अडथळा.

'ग्राहकाच्या मापाची' म्हणून विकणाऱ्या काही फळ्यांत माप म्हणजे फक्त रंग आणि नाव असतं. याला माझा सक्त विरोध आहे. शिंप्याने छाती-कंबर न मोजता खिशावर आद्याक्षरं भरावीत तसं हे! शेपरने पहिला प्रश्न वजनाचा, दुसरा पाण्याचा विचारावा, रंग तिसरा.

जुनी फळी घेणाऱ्यानेही हेच करावं. आधीच्या मालकाने शर्यती किती जिंकल्या हे नंतर. त्याचं वजन किती होतं ते आधी विचारा.