डीलँड येथील लू गिम गाँग यांचे भित्तिचित्र : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक : सार्वजनिक भिंतीवरील चित्र हे केवळ नगरशोभेचे साधन नसते. गतकाळातील काय स्मरणात ठेवावे, याविषयी त्या नगराने घेतलेला तो निर्णयही असतो. या दृष्टीने अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डीलँड या गावी असलेल्या लू गिम गाँग यांच्या भित्तिचित्राचा येथे विचार करावयाचा आहे.

विवेचन : चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात जन्मलेले लू बालवयातच अमेरिकेत आले. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ ॲडम्स येथील ज्या पादत्राणांच्या कारखान्यात त्यांनी काम केले, तेथे १८७० मध्ये संपकरी कामगारांच्या जागी चिनी मजूर आणण्यात आले होते. पुढे फॅनी बर्लिंगेम या शिक्षिकेच्या आश्रयामुळे ते डीलँडच्या बागायतीकडे वळले. १८९४-९५ च्या हिवाळ्यातील कडाक्याच्या थंडीने फ्लोरिडातील संत्राबागा उद्ध्वस्त केल्या. या पार्श्वभूमीवर, झाडावर दीर्घकाळ टिकणाऱ्या त्यांच्या संत्र्याचे महत्त्व लक्षात येते. १९११ मध्ये अमेरिकन पोमोलॉजिकल सोसायटीने त्यांना विल्डर रौप्यपदक दिले.

'सिट्रस विझार्ड', म्हणजे लिंबूवर्गीय फळांचा जादूगार, ही त्यांची लोकप्रिय प्रतिमा होय. भित्तिचित्राचा गौरवपर सूर याच प्रतिमेशी जुळणारा आहे. या प्रतिमेत दोन गोष्टी झाकल्या जातात. पहिली शास्त्रीय होय. लू यांनी दोन वाणांचा संकर केला असे मानले जाई; परंतु त्यांचे संत्रे हे व्हॅलेन्शिया जातीचेच रोप असल्याचे नंतर अभ्यासकांनी ठरविले. लिंबूवर्गीय फळांच्या बीजात मातृपेशींपासूनही गर्भ तयार होतो. अशी रोपे मातृवृक्षासारखीच निपजतात. म्हणून लू यांचे श्रेय कमी होत नाही. ते चमत्काराकडून निरीक्षण आणि निवड यांकडे सरकते, इतकेच.

दुसरी गोष्ट सामाजिक आहे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत प्रवेशबंदी केली आणि चिनी स्थलांतरितांना नागरिकत्वही नाकारले. तो कायदा १९४३ मध्ये रद्द झाला. लू १९२५ मध्ये डीलँड येथेच विपन्नावस्थेत निवर्तले. ज्या समाजाने त्यांच्या बांधवांना दार बंद केले, त्याच समाजाने त्यांना जादूगार म्हटले. जादूगार हा अपवाद ठरतो, आणि अपवादाचा गौरव करताना नियमाविषयी बोलावे लागत नाही.

एका भिंतीवर संपूर्ण चरित्र मावणार नाही, हा आक्षेप रास्त आहे. तथापि, प्रतिमेची निवड ही जागेच्या अभावाने होत नसते. विदर्भातील संत्रा उत्पादकास हे सहज उमगेल. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरल्यावर फळ संत्र्याचे येते. खुंट मात्र कोणाच्या नजरेस पडत नाही.

निष्कर्ष : हे भित्तिचित्र एका उपेक्षित स्थलांतरितास नगराच्या स्मृतीत स्थान देते, हे त्याचे निर्विवाद मोल होय. मात्र 'जादूगार' या प्रतिमेऐवजी श्रमिक, निरीक्षक आणि बहिष्कृत समाजाचा घटक म्हणून लू यांचे दर्शन घडले, तरच ते स्मरण न्यायाच्या जवळ जाईल. आपल्याकडील स्मारकांचे मूल्यमापन करतानाही हाच निकष उपयुक्त ठरावा.