श्वासापासून सलोख्यापर्यंत

मनःशांतीची ओढ आज घरोघरी आहे. आपल्या धर्मग्रामांतील अनेकजण त्यासाठी योगवर्गांकडे आणि ध्यानशिबिरांकडे वळतात, तेव्हा हे ख्रिस्ती माणसाला शोभते का, असा प्रश्न वडीलधारी मंडळी विचारतात. तो प्रश्न मनात ठेवून आम्ही फादर अँथनी डिमेलो यांचे ‘साधना’ हे इंग्रजी पुस्तक पुन्हा वाचले. मुंबईत १९३१ साली जन्मलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंचे हे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती साधनेचे पाठ पौर्वात्य रूपात देणे, हा त्याचा उघड हेतू आहे.

एकूण ४७ पाठांपैकी पहिला मौनाचा आहे. पुढे शरीराच्या संवेदना येतात, मग श्वास येतो. श्वास बदलू नका, त्याकडे केवळ लक्ष द्या, असे लेखक सांगतात. आणि हळूहळू त्या श्वासातच देवाचे सान्निध्य अनुभवावयास लावतात. यात आम्हांला परके असे काही वाटले नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात देव मातीच्या मानवात प्राण फुंकतो. योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू शिष्यांवर श्वास टाकतो. संत इग्नेशियस यांनीही एकेका श्वासाबरोबर प्रार्थनेचा एकेक शब्द म्हणण्याची रीत सांगून ठेवली आहे.

शेवटच्या विभागात लेखक हिंदू सहस्रनामाच्या प्रथेचा आधार घेऊन, प्रभू येशूला आपल्या मनाची हजार नावे द्या, असे सुचवितात. पुस्तकातील हा भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटला. श्वास न्याहाळत बसलेला माणूस येथे कोणाला तरी हाक मारू लागतो. शांतीला येथे उद्दिष्ट सापडते.

मात्र एक उणीव नोंदविणे आम्हांला आवश्यक वाटते. पतंजलींच्या अष्टांगयोगात प्राणायाम चौथा आणि ध्यान सातवे. पहिले अंग यमाचे, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह यांचे आहे. इग्नेशियसही पहिल्या आठवड्यात साधकाला स्वतःच्या पापांपुढे उभे करतात. डिमेलो मात्र थेट मौनात नेतात. मनातील डूख सोडून देण्याचा पाठ त्यांनी दिला आहे, पण तो तिसऱ्या विभागात. आरंभीच्या पाठांवरच थांबणारा वाचक, सख्ख्या भावाशी वाडीच्या बांधावरून धरलेला अबोला तसाच ठेवून, श्वास मोजीत स्वस्थ झोपी जाऊ शकेल. वेदीपुढे अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करावयास सांगणाऱ्या प्रभूची शांती ती नव्हे.

डिमेलो १९८७ साली निवर्तले. पुढे १९९८ साली परमधर्मपीठाने त्यांच्या लेखनाविषयी सावधगिरीची सूचना काढली. आरंभीचे लेखन ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहिले, नंतरचे तिच्यापासून दूर जात गेले, असा तिचा आशय होता. हा विवेक वाचकांनी राखावा. परंतु त्या भयाने ‘साधना’ बाजूस सारू नये.

सायंकाळी रोझरी सुरू करण्यापूर्वी घरातील सर्वांनी पाच मिनिटे या पुस्तकाच्या रीतीने शांत बसून पाहावे. त्या शांततेत ज्याच्याशी आपण बोलत नाही त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तर तो दूर लोटू नये. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारी जावे. आपल्या पूर्वजांची साधना तेथूनच सुरू होत असे, आणि ख्रिस्ताचीही.