बोध करणारे आणि बोध घेणारे
(पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार)

ईश्वराजवळ ज्ञान मागणें सोपें आहे. तेंच ज्ञान दुसऱ्या माणसाच्या तोंडून दोषदर्शनाच्या रूपानें आलें असतां त्याचा स्वीकार करणें मात्र कठीण. सकाळीं प्रार्थनेंत सुबुद्धि मागणारा मनुष्य दुपारीं कोणीं त्याची चूक दाखविली कीं संतापतो, आणि आपण मागितलेली वस्तूच कदाचित् आपल्या दारीं आली होती हें त्याच्या ध्यानांतहि येत नाहीं. पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांच्या कर्त्यानें ही गोष्ट पुरती ओळखली होती. ज्याला आपला दोष ऐकवत नाहीं त्याला शहाणा म्हणण्यास तो ग्रंथ मुळींच तयार नाहीं.

परंतु ह्या उपदेशापुढें एक प्रश्न उभा राहतो. बोध करणाराच चुकत असेल तर काय करावें? वडील माणसाच्या मुखानें ईश्वर बोलत आहे, कीं केवळ वडील माणूसच बोलत आहे, हें धाकट्यानें ओळखावें कसें? हा प्रश्न ख्रिस्ती लोकांपुरता नाहीं. ज्या घरांत सासू आणि सून, बाप आणि मुलगा, गुरु आणि शिष्य आहेत त्या प्रत्येक घरांतला तो आहे. त्याची जिवंत उकल ज्यास पाहावयाची असेल त्यानें पंडिता रमाबाईंचा इंग्रजी पत्रव्यवहार वाचावा. सिस्टर जेराल्डीन ह्यांनीं जमविलेला हा संग्रह श्री. अ. भि. शहा ह्यांच्या संपादकत्वाखालीं महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें १९७७ सालीं प्रसिद्ध केला. रमाबाईंच्या चरित्राचें साधन म्हणून त्याचा उपयोग पुष्कळांनीं केला आहे. आम्हांला तो आज निराळ्या दृष्टीनें पाहावयाचा आहे.

रमाबाईंचें पूर्ववृत्त मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांची ही विदुषी कन्या दुष्काळांत आईबाप गमावून, पायीं देश हिंडून, १८७८ सालीं कलकत्त्यास पंडितांच्या सभेंत गौरव पावली, आणि १८८२ सालीं वैधव्य येऊन लहान मनोरमेसह पुण्यास आली. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनीमंडळांत त्यांचा उतारा होता, आणि त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता झाल्या. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. ह्या एका घरगुती शब्दांत त्या नात्याची सगळी गोडी आहे, आणि पुढील सगळ्या खटक्याचें बीजहि आहे. कारण आजीबाईंना नात हवी होती, आणि वाँटेजला आलेली बाई तर स्वतः पंडिता होती.

तंट्याचे विषय प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटतात. गळ्यांत घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरें असावींत, कीं संस्कृत? रमाबाईंचें म्हणणें असें कीं, लॅटिन मलाहि कळत नाहीं आणि माझ्या देशबांधवांनाहि कळत नाहीं. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून नव्हे, तर माझ्या देशाची प्राचीन व सुंदर भाषा म्हणून मला हवी. दुसरा विषय अन्नाचा. रमाबाई मांस खात नसत, इतकेंच नव्हे तर अंडें घातलेला गोड पदार्थहि त्यांना चालत नसे. आजीबाईंस ह्यांत जातीचा जुना ताठा दिसला. रमाबाईंनीं उत्तरांत विचारलें, एखादी इंग्रज बाई हिंदु लोकांत राहावयास गेली आणि ज्यांत कोणाचें नुकसान नाहीं अशा आपल्या चालीरीती तिनें सोडल्या नाहींत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? तिसरा विषय चेल्टनहॅमच्या महिला विद्यालयांतला. तेथें रमाबाई शिकत होत्या व संस्कृत शिकवीतहि होत्या. त्यांनीं मुलग्यांनाहि शिकवावें अशी सूचना निघाली, तेव्हां लाहोर व मुंबई येथील बिशपांनीं हरकत घेतली. अशानें स्वदेशीं परतल्यावर बाईंच्या कार्यास बाध येईल असें त्यांना वाटलें. रमाबाईंस ह्याचें नवल वाटलें. माझ्या आईनें किंवा मीं तरुणांस शिकविण्यास माझ्या बापानें वा नवऱ्यानें कधीं हरकत घेतली नाहीं, आणि ती येथें इंग्लंडांत घेतली जावी काय, असा त्यांचा सवाल होता.

ह्या तिन्ही प्रसंगीं वादाचा जय रमाबाईंकडे जातो, आणि कोणाहि मराठी वाचकास त्याचा अभिमान वाटेल. आम्हांसहि वाटला. तथापि टीकाकारानें येथेंच थांबून सावध झालें पाहिजे. युक्तिवादांत जिंकणें आणि ज्ञान पावणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणि आजीबाईंचें खरें दुःख क्रूस वा अंडें हें नव्हतेंच. रमाबाईंस त्रैक्य, प्रभु येशूचें ईश्वरत्व, त्याचा अलौकिक जन्म ह्यांविषयीं शंका होत्या, आणि बाप्तिस्मा तर होऊन गेला होता. आपल्या हातून उतावळेपणानें एक जीव अर्ध्या वाटेवर आणून सोडला गेला कीं काय, ही धास्ती त्या वृद्धेच्या रागामागें आहे. तिच्या पत्रांतील कठोरपणा पुष्कळदां त्या धास्तीचा आहे.

तिचा मार्ग मात्र एकच होता: आज्ञापालन. मंडळीचे अधिकारी सांगतात तें आधीं मान, म्हणजे पुढें समजेल. ह्यावर रमाबाईंनीं दिलेलें उत्तर हा ह्या संग्रहाचा गाभा होय. आपल्या देशांतील पुरोहितवर्गाचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें तें दुसरें तसलेंच जूं घेण्यासाठीं नव्हे. देवाच्या वचनाची आज्ञा पाळणें निराळें आणि धर्मगुरूंच्या प्रत्येक शब्दास देवाची आज्ञा समजणें निराळें, असा त्याचा आशय आहे. हें उत्तर उद्धटपणाचें आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नव्या कराराच्या वाचकांस अंत्युखियाचा प्रसंग आठवेल. पेत्र हा ज्येष्ठ, पौल मागाहून आलेला; तरी पेत्र परजातीयांच्या पंक्तींतून बाजूला सरला तेव्हां पौलानें त्याला सर्वांसमक्ष दोष दिला. ज्येष्ठतेमुळें कोणी बोध करण्यास पात्र होत असेल, पण बोधाच्या कक्षेबाहेर मात्र जात नाहीं. शिवाय याकोबाच्या पत्रांत वरून येणाऱ्या ज्ञानाचीं जीं लक्षणें सांगितलीं आहेत, त्यांत सौम्यतेबरोबर दुसऱ्याचें म्हणणें पटल्यास तें मानण्याची तयारी हेंहि एक आहे. ह्या कसोटीस शिष्यानें उतरावें असें सर्वच गुरु म्हणतात. गुरूनेंहि उतरावें हें थोडेच म्हणतात.

त्या थोड्यांपैकीं दोघे ह्या पत्रांतून भेटतात. पहिल्या चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका मिस डॉरोथिया बील. रमाबाईंच्या शंकांनीं त्या दचकल्या नाहींत. ह्या बाईला केवळ इतिहासांत घडलेली गोष्ट म्हणून धर्म पटणार नाहीं, तिला त्याचें तत्त्वज्ञानच समजून घ्यावें लागेल, हें त्यांनीं ओळखलें आणि तसें तिच्या वडील मंडळींना कळविलें. स्वतः रमाबाईंशीं त्यांनीं बरोबरीच्या नात्यानें वाद घातला. आपलें मत लपविलें नाहीं आणि लादलेंहि नाहीं. दुसरे आपल्याकडचेच, पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे. हे शास्त्री १८४८ सालीं ख्रिस्ती झाले होते. आपलें मन ब्राह्म मताकडून ख्रिस्ती धर्माकडे वळलें तें त्यांच्या नम्र वाणीमुळें, अशी कबुली रमाबाईंनीं दिली आहे. नम्र हें विशेषण त्यांनीं विद्वत्तेस न देता वाणीस दिलें हें लक्षांत घेण्याजोगें आहे. ज्या रमाबाईंस सगळे मानी म्हणत, त्या नम्रतेपुढें लगेच वाकत; हुकुमापुढें तेवढ्या वाकत नसत.

दावीद राजाच्या कथेंत ह्याचें मर्म सांपडतें. राजानें एका शिपायाची बायको घेतली व त्या शिपायाला लढाईंत मरावयास धाडलें. नाथान संदेष्टा दरबारांत आला, पण त्यानें आरोप केला नाहीं. त्यानें एका श्रीमंताची व एका गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली. राजानें संतापून त्या श्रीमंतास दोषी ठरविल्यावर मग नाथान म्हणाला कीं, तो मनुष्य तूंच. न्यायनिवाडा राजाच्याच मुखानें झाला होता, तेव्हां पळून जावयास वाट उरली नाहीं. उत्तम बोध करणारा असाच असतो. तो आपणास न्यायाधीश न करितां चुकणाऱ्यासच न्यायासनावर बसवितो.

रमाबाईंच्या बाबतींत नाथान आला तो पुस्तकाच्या रूपानें. १९०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षींत त्या सांगतात कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं विल्यम हॅस्लम नामक इंग्रज धर्मोपदेशकाचें आत्मवृत्त त्यांच्या वाचण्यांत आलें. हा गृहस्थ कॉर्नवॉलमध्यें कित्येक वर्षें उपदेशकाचें काम करीत होता, आणि एके दिवशीं आपलेंच प्रवचन करतां करतां त्याला उमगलें कीं, आपण लोकांस जें सांगतों तें आपणासच मिळालेलें नाहीं. तें वाचून रमाबाईंनीं आपल्या मनाचा शोध घेतला, आणि आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाहीं, असा निकाल स्वतःविरुद्ध दिला. आजीबाईंनीं आठ वर्षांपूर्वीं जें सुचविलें होतें त्याहून हा निकाल पुष्कळ कडक आहे. आपल्या थोर बापाचा, आपल्या विद्येचा अभिमान सर्व जगासमोर राखणाऱ्या बाईनें तो जगासमोरच छापून टाकला. बोध घेण्याची शक्ति तिच्यांत नव्हती असें आतां कोण म्हणेल?

एवढें म्हणून लेख संपविला असतां तो स्तुतिपाठ झाला असता. परंतु १८९३ सालचा प्रसंग वगळणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. शारदासदन १८८९ सालीं निघालें तें धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याच्या कबुलीवर. पुढें कांहीं मुली बाईंच्या प्रार्थनेस बसूं लागल्या, तेव्हां पुण्यांत ओरड झाली आणि रानडे, भांडारकर ह्यांनीं सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक मुली सदनांतून काढून नेण्यांत आल्या. रमाबाईंचा जबाब असा कीं, मी माझ्या खोलींत प्रार्थना करतें, दार उघडें असतें, आणि येणाऱ्या मुलीस मी हांकलून देणार नाहीं. त्यांत सचोटी आहे. पण मनोरमेस धर्म कोणता व कसा शिकवावा ह्याचा अधिकार आपलाच, म्हणून वाँटेजच्या भगिनींशीं ज्या आईनें पत्रोपत्रीं भांडण केलें, तिनें दुसऱ्यांच्या मुलींच्या पालकांचा तोच अधिकार पुरता जाणला काय, असें विचारल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं. रानडे-भांडारकर हे विरोधक नव्हते, मित्र होते. त्यांचा बोध हा मित्राचा बोध होता. कोंवळ्या, निराधार मुलींपुढें वडिलकीच्या जागीं बसलेल्या व्यक्तीचें उघडें दार हेंहि एक प्रकारचें बोलावणेंच असतें, हें बाईंसारख्या सूक्ष्म बुद्धीच्या स्त्रीस कळावयास हवें होतें. स्वतःवर जूं ठेवणारा हात तिला तात्काळ दिसे. तोच हात आपलाहि असूं शकेल हें दिसावयास उशीर लागला. बोध घेणारा बोध करण्याच्या आसनावर बसला कीं त्याची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

आतां संग्रहाविषयीं. पत्रें विस्कळित आहेत. तींच तीं दूषणें पुन्हा पुन्हा येतात. मधले दुवे वाचकानें स्वतः जुळवावे लागतात. एका बैठकींत वाचण्याचें हें पुस्तक नव्हे. परंतु ह्याच्या अस्तित्वांतच एक गोष्ट आहे आणि ती शेवटीं सांगण्यासाठीं आम्हीं राखून ठेविली होती. हीं पत्रें जपून ठेविलीं, जुळविलीं, ती सिस्टर जेराल्डीन ह्यांनींच. त्यांत रमाबाईंचीं त्यांना निरुत्तर करणारीं उत्तरें आहेत, त्यांच्या शिकवणीवरचे आक्षेप आहेत, मिस बील ह्यांचा निराळा अभिप्रायहि आहे. ह्यांतलीं चार पत्रें त्यांनीं चुलींत घातलीं असतीं तर आज कोणास समजलें असतें? त्या वृद्धेनें शिष्येचें म्हणणें मान्य केलें कीं नाहीं ह्यावर मतभेद होईल. तें तिनें पुसून टाकलें नाहीं एवढें निश्चित. आपल्यावर केलेला प्रत्यारोप आपल्याच हातानें जपून ठेवणें हीहि नम्रताच आहे, आणि ती वादांतल्या नम्रतेहून दुर्मिळ आहे.

आमच्या घरांतूनहि अशीं पत्रें येतात जातात. परगांवीं शिकणारी मुलगी बापास, वेगळा राहिलेला मुलगा आईस मनांतलें कांहीं लिहितो. वडील माणसें तें वाचून रागावतात, पत्र फाडतात, आणि ईश्वराजवळ मुलांना सुबुद्धि मागतात. त्यांनीं हा संग्रह एकदां अवश्य चाळावा, आणि पुढचें पत्र फाडण्यापूर्वीं ठेवून द्यावें. दहा वर्षांनीं तें पुन्हा वाचतांना मागितलेली सुबुद्धि कोणासाठीं होती हें कदाचित् कळेल.