‘जिणं आमचं’मधील बाळंतीण : एक विचार

मराठी कादंबरींत तान्हें मूल मरतें तें बहुधा कथानकाच्या सोयीसाठीं. नायिकेला एकाकी करावयाचें असलें, पतिपत्नींचीं मनें दुरावावयाचीं असलीं, किंवा एखाद्या विधवेच्या दुःखावर आणखी एक थर चढवावयाचा असला, कीं लेखक पाळणा रिकामा करतो. ताप येतो, वैद्य मान हालवितो, आणि पुढील प्रकरण सुरू होतें. मूल कशानें गेलें, आईनें त्या महिन्यांत काय खाल्लें होतें, नाळ कशानें कापली, हे प्रश्न लेखक विचारीत नाहीं आणि वाचकहि विचारीत नाहीं. आपल्या सुशिक्षित वर्गाच्या वाङ्मयांत अर्भकाचा मृत्यु ही दैवाच्या खात्यावर टाकलेली रक्कम आहे. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’ (१९८६) या पुस्तकानें ती रक्कम तेथून उचलून दुसऱ्याच खात्यावर मांडली. आणि या दृष्टीनें त्या पुस्तकाचा विचार जितका व्हावयास हवा तितका झाला नाहीं, असें मला वाटतें.

पुस्तक वाचकांस अपरिचित नाहीं. ‘स्त्री’ मासिकांतून तें प्रथम क्रमशः आलें. फलटण येथें लहानसें दुकान चालवितां चालवितां लेखिकेनें तें लिहिलें आणि घरच्यांच्या धाकानें वीस वर्षें लपवून ठेविलें, हा इतिहासहि आतां सर्वश्रुत आहे. माया पंडित यांच्या इंग्रजी भाषांतरानें (२००८) तें परदेशीं पोंचलें. टीकाकारांनीं त्याचें जें कौतुक केलें तें बहुतेक त्यांतील चळवळीच्या भागाचें : आंबेडकरांच्या हांकेनें जागा झालेला महारवाडा, शाळेंत सवर्ण मुलींशीं झगडणाऱ्या पोरी, जुन्या देवांना दिलेला निरोप. तें कौतुक योग्यच आहे. परंतु जीं पानें वाचतांना पुस्तक मिटावेंसें वाटतें तीं बाळंतपणाचीं आहेत, आणि टीकाकारांनींहि तेथें बहुधा पुस्तक मिटलेंच असावें.

त्या पानांत काय आहे? आठ-नऊ वर्षांची पोर सून म्हणून घरांत येते. तिचें शरीर पुरतें वाढावयाच्या आधींच तें दुसरें शरीर वाढवूं लागतें. वेणा सुरू झाल्या कीं आळींतील बाया जमतात, आणि ज्ञानाची उणीव मायेनें भरून काढण्याच्या धडपडींत त्या पोरीच्या देहाचे हाल करितात. सुटका झाल्यावर तिच्या पोटांत भुकेचा आगडोंब उसळतो, पण घरांत दाणा नसतो. रक्त टिपावयास धड चिंधी नसते. उपाशी आईच्या अंगावर दूध कोठून येणार? मूल जातें; पुष्कळदां आईहि जाते. एवढेंच. लेखिका येथें हुंदका देत नाहीं. घरांत काय काय संपलें आहे याची यादी गृहिणीनें करावी तशी ती यादी करते, आणि यादीच्या शेवटीं आलेला मृत्यु वाचकाला मुळींच आश्चर्याचा वाटत नाहीं. वैद्यकाच्या ग्रंथांत माता-अर्भकांच्या मृत्यूचीं जीं कारणें दिलेलीं असतात — अल्पवय, पंडुरोग, जंतुदोष, उपासमार — तीं बहुतेक सारीं येथें आहेत; शास्त्रीय नांवें तेवढीं नाहींत.

दोष वांटतांना बेबीताई हात आंखडता घेत नाहींत. गांवानें उष्ट्या-शिळ्यावर ठेविलेली जात म्हणून हा उपवास, हें त्या स्पष्ट सांगतात; आणि सुनेला छळणारी सासू व बायकोला दासी समजणारा नवरा, हे आपले म्हणून त्यांनाहि सोडीत नाहींत. उणीव दाखवावयाची तर एक दाखवितां येईल. या पानांतील पोरीला नांव नाहीं. ‘आम्ही’ म्हणून लिहिण्याचा लेखिकेचा निश्चय इतका पक्का आहे कीं, स्वतःच्या संसाराविषयींहि तिनें जवळजवळ मौन पाळलें आहे. एखादी तरी पोर तिच्या नांवानिशीं, तिच्या लकबींसह आपल्यापुढें उभी राहावयास हवी होती. समूहाचें दुःख सांगतांना व्यक्ति पुसली गेली कीं त्या दुःखाला पुन्हां निसर्गक्रमाचें रूप येऊं लागतें, आणि लेखिकेला तर तेंच नको आहे.

पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवाई येऊन बाळाच्या कपाळीं लेख लिहिते, ही समजूत महारवाड्यांत होती तशी ब्राह्मणआळींतहि होती. त्या रात्रीं कोरा कागद व लेखणी ठेवण्याची चाल पुष्कळ वाचकांस आपल्या घरची म्हणून आठवेल. पहिल्या महिन्यांत जीं मुलें दगावतात त्यांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश पहिल्याच आठवड्यांत दगावतात, असें आजचें शास्त्र सांगतें. म्हणजे आपल्या आज्यांनीं जागरणासाठीं निवडलेली वेळ अचूक होती. चुकला तो लेख लिहिणाऱ्याविषयींचा तर्क. आनंदीबाई जोशी यांचें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें तेव्हां त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. अल्पवय तेथेंहि होतेंच. परंतु त्या मृत्यूंतून एक प्रश्न उभा राहिला, त्या प्रश्नापाठीं फिलाडेल्फियापर्यंतचा प्रवास घडला आणि १८८६ सालीं वैद्यकाची पदवी मिळाली, पुढें श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीनें तें दुःख घरोघर पोंचविलें. त्या प्रवासाचे कष्ट कमी लेखण्याचा येथें हेतु नाहीं. पण प्रश्न कागदावर मांडावयास अक्षर लागतें, आणि महारवाड्यांतील आईच्या हातीं तें येईपर्यंत आणखी कित्येक पाळणे रिकामे झाले.

‘जिणं आमचं’च्या शेजारीं मी आणखी एक पुस्तक ठेवूं इच्छितों. ‘कोवळी पानगळ’ (२००१) हा डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनीं महाराष्ट्रांतील कांहीं सेवाभावी संस्थांसह सिद्ध केलेला अहवाल. खेडीं, आदिवासी पाडे आणि शहरांतील झोपडपट्ट्या येथें त्यांनीं मुलांचे जन्म-मृत्यु प्रत्यक्ष मोजले, आणि सरकारी नोंदींत दिसतात त्यांहून खरे मृत्यु कितीतरी अधिक असल्याचें दाखविलें. वाङ्मयाच्या मासिकांत अहवालाची परीक्षा कशाला, असें कोणी विचारील. त्याच्या नांवासाठीं. ‘पानगळ’ हा शब्द सुंदर आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. पानें ऋतूप्रमाणें गळतात. तीं कोणी पाडीत नाहीं, त्याबद्दल कोणास जाब विचारतां येत नाहीं. ‘कोवळी’ या विशेषणानें लेखकांनीं त्या शब्दाला अडविण्याचा प्रयत्न केला आहे खरा, पण वृत्तपत्रांनीं उचलला तो हळवेपणा. विशेषणांतला आरोप तेथेंच राहिला. खुद्द लेखकांचें काम मात्र या नांवाच्या नेमकें उलट साक्ष देतें. गडचिरोली जिल्ह्यांतील ३९ गांवांत त्यांनीं गांवच्याच बायांना नवजात अर्भकाची घरीं निगा राखावयास शिकविलें : बाळाला ऊब देणें, वजन करणें, श्वास मोजणें, जंतुदोष ओळखून औषध देणें. जेथें हें काम नव्हतें अशा गांवांच्या तुलनेनें तेथील नवजात अर्भकांचे मृत्यु तिसऱ्या वर्षीं ६२ टक्क्यांनीं घटले, आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत तें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. शिकविलेल्या बाईच्या हातानें जी थांबते ती पानगळ नव्हे.

आंकड्यांचा विषय निघाला म्हणून सरासरीबद्दल दोन शब्द. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें देशांत हजार जन्मांमागें ३५ अर्भकें वर्षाच्या आंत दगावतात, महाराष्ट्रांत २३. हें वाचून आपल्या प्रांताबद्दल बरें वाटतें. पण तत्पूर्वींच्या, २०१५-१६ च्या पाहणींतील देशाचे आंकडे जातवार पाहिले तर अनुसूचित जातींत ४५, अनुसूचित जमातींत ४४ आणि ज्यांस ‘इतर’ म्हटलें जातें त्यांच्यांत ३२ असें अंतर दिसतें. पाहणीच्या कोष्टकांतला हा ‘इतर’ म्हणजे बहुतेक आपण. या मासिकाचा लेखक आणि वाचक.

हें अंतर रक्तांतच असेल, असें म्हणणारे लोक आपल्याकडे उघडपणें बोलत नाहींत. अमेरिकेंत ते बोलले. १८९६ सालीं फ्रेडरिक हॉफमन यानें काळ्या लोकांचें अधिक मरण हा त्यांच्या वंशाचाच गुण ठरविला. डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांनीं फिलाडेल्फियांतील काळ्या वस्तीच्या आपल्या ग्रंथांत (१८९९) उलट दाखविलें कीं, हें मरण परिस्थितीचें आहे. त्याच वर्षीं त्यांचा दीड वर्षाचा मुलगा गेला, आणि त्या दुःखावर त्यांनीं पुढें १९०३ सालच्या पुस्तकांत एक संपूर्ण प्रकरण लिहिलें. वादाचा बराचसा निकाल मात्र १९९७ सालीं लागला. डेव्हिड आणि कॉलिन्स या दोघां डॉक्टरांनीं इलिनॉय प्रांतांतील जन्मांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां आफ्रिकेंत जन्मून अमेरिकेंत आलेल्या काळ्या स्त्रियांच्या मुलांचें जन्मवजन अमेरिकेंत जन्मलेल्या काळ्या स्त्रियांच्या मुलांपेक्षां गोऱ्यांच्या मुलांना अधिक जवळचें निघालें. वंश एकच; निराळें होतें तें आयुष्य कोठें आणि कोणत्या वागणुकींत गेलें एवढेंच. अमेरिकेंत आजहि काळें अर्भक गोऱ्या अर्भकाच्या सुमारें दुप्पट प्रमाणांत दगावतें, आणि शिकल्या-सवरल्या काळ्या आईचें मूलहि त्यांतून सुटत नाहीं. बेबीताईंनीं हें संशोधन वाचलें असण्याचा संभव नव्हता. त्यांचें निदान मात्र तेंच आहे.

डू बॉईस यांच्या शेजारीं आपल्याकडील नांव आपोआप येतें. १९४६ सालीं आंबेडकरांनीं त्यांस पत्रहि लिहिलें होतें. आंबेडकर आणि रमाबाई यांच्या पांच अपत्यांपैकीं चार गेलीं, एक यशवंत राहिला. १९२६ सालीं राजरत्न गेल्यावर दत्तोबा पवार यांस आंबेडकरांनीं लिहिलेलें पत्र मराठी माणसानें लिहिलेल्या शोकपत्रांत माझ्या मतें अग्रगण्य आहे. त्यांतील मोडलेला बाप पुढील काळांतल्या पुतळ्यांत कोठेंच दिसत नाहीं. दोन वर्षांनीं, १९२८ सालीं, मुंबईच्या कायदे मंडळांत कामगार स्त्रियांच्या प्रसूति-साहाय्याच्या विधेयकास पाठिंबा देतांना ते बोलले तें अगदीं कोरड्या भाषेंत : बाळंतपणापूर्वीं आणि नंतर स्त्रीला विसांवा मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे, व त्याचा भार मालकानें व सरकारनें उचलावा. पत्राचा त्या भाषणांत मागमूसहि नाहीं, आणि मला तें भाषण त्यामुळेंच अधिक मोठें वाटतें. १९२९ सालीं तो कायदा झाला. पण तो कारखान्यांतील बायांपुरता होता. शेतांत, रस्त्यावर, भट्टीवर राबणारी बाई त्याच्या बाहेर राहिली.

ती अजून बाहेरच आहे. मी राहतों त्या कामोठ्यास वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचें मोठें रुग्णालय आहे, आणि सायन-पनवेल महामार्गावरून रात्री-अपरात्रींहि तेथें पोंचतां येतें. आमच्या वसाहतींतील सुनांना दिवस गेले कीं त्यांचें प्रत्येक आठवड्याचें वजन घरांत चर्चिलें जातें. याच पनवेल तालुक्यांत, माथेरानच्या पायथ्याशीं आणि कर्नाळ्याच्या आसपास, कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. दिवाळीनंतर मालकाची उचल घेऊन कुटुंबेंच्या कुटुंबें वीटभट्टीवर जातात. अंगणवाडीची नोंदवही वाडींत राहते आणि गरोदर बाई भट्टीवर. तेथें ती चिखल तुडविते, विटा वाहते, आणि उचल फिटेपर्यंत विसांव्याचा विषय निघत नाहीं. ‘जिणं आमचं’मधील वीरगांवचा महारवाडा आतां तसा राहिलेला नाहीं, तेथील लेकी-सुना शिकल्या, दवाखान्यांत बाळंत होऊं लागल्या. पण पुस्तकांतली ती यादी — अल्पवय, भूक, चिंधी — भट्टीवर जाऊन वाचली तर तींतील फारच थोड्या ओळी खोडाव्या लागतील.

कातकरी स्त्रीनें स्वतः लिहिलेलें अशा तऱ्हेचें पुस्तक माझ्या वाचनांत नाहीं. जें लिहिलें जातें तें आमच्यासारख्यांनीं लिहिलेलें, अहवालाच्या किंवा कळवळ्याच्या भाषेंत. भट्ट्या पावसाच्या तोंडावर थांबतात आणि माणसें वाडीवर परततात. नोंदवहींत बाईचें नांव तेव्हां चढतें, आणि कांहीं वेळां तोंवर ती बाळंत होऊन गेलेली असते.