हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आमच्या शाखेत महायुद्ध सुरू होतं. पेन्शनवाले हयातीचा दाखला द्यायला येतात. समोर माणूस धडधडीत उभा असतो, आपल्याशी भांडतही असतो. पण मशीनला त्याचा अंगठा पटला नाही, तर तो हयात नाही!

अशाच एका नोव्हेंबरात गुलमंडीवर रद्दीच्या भावात दोन्ही महायुद्धांतल्या इंग्रजी कवितांचं पुस्तक मिळालं. मी पडलो बी.कॉम.; कवितेशी संबंध लग्नपत्रिकेपुरता. तरी जेवणाच्या सुट्टीत, मेथीच्या भाजीबरोबर, वाचत गेलो.

पहिल्या युद्धाचा रूपर्ट ब्रूक म्हणजे कर्ज मंजूर झालेल्या दिवशीचा ग्राहक. देशासाठी मरायचं म्हणजे त्याला कोण आनंद! बिचारा 1915 मध्ये रणांगणावर पोचण्याआधीच डास चावून, रक्तात विष भिनून गेला. (आमच्या उस्मानपुऱ्यात राहता तर कवितेपर्यंतही पोचला नसता.) पुढे हप्ते सुरू झाले. विल्फ्रेड ओवेन थेट साहेबाच्या केबिनमध्ये शिरून टेबलावर मूठ आपटतो : तुम्ही आम्हाला फसवलंत! तो 4 नोव्हेंबर 1918 ला पडला, युद्ध संपायला आठवडा असताना. घरी तार पोचली ती 11 तारखेला. गावात शांततेच्या घंटा वाजत होत्या.

दुसऱ्या युद्धाला असे कवी लाभले नाहीत, असं जाणकार म्हणतात. मला नाही पटत. हे कवी अटी वाचून, फसवणूक ठाऊक असून सही केलेले लोक. ओरडणार कुणावर? कीथ डग्लस रणगाड्यातून मेलेला शत्रू पाहतो आणि खातेवहीत नोंद करावी तसा लिहितो. आमच्याकडे मर्ढेकरांनी 1947 च्या ‘काही कविता’त चक्क उंदरांवर लिहिलं. तेही मला त्याच खात्यावरचं वाटतं.

पण माझा जीव अडकला तो ॲलन लुईसमध्ये. हा वेल्सचा मास्तर 1943 मध्ये पुण्याजवळ, नीरेच्या, खडकवासल्याच्या छावणीत होता. त्याने चक्क आपल्या घाटांवर कविता लिहिली. तिच्यात लढाई नाहीच. घाटावरची लाल माती आहे, घट्टे पडलेले हात आहेत, आणि शेवटी एक भूमिहीन शिपाई. ओवेनला वेदना दिसते ती आपल्या पोरांची. खंदकात शेजारी तेच होते म्हणा. लुईसला परक्याचीही दिसते. इथे मी त्याला दोन गुण जास्त देतो. 1944 च्या मार्चमध्ये तो ब्रह्मदेशात आराकानला गेला; गोळी स्वतःच्याच पिस्तुलाची.

सुट्टी संपली. खिडकीवर एक आजी आल्या. नव्वदीच्या पुढच्या. नवरा दुसऱ्या महायुद्धात होता. अंगठा काही केल्या लागेना. रेषाच झिजलेल्या. मशीन विचार करत होतं, तेवढ्यात मी विचारलं, ‘‘आजी, आजोबा कुठल्या मुलखात होते?’’

‘‘बर्माला.’’

‘‘मग लढाईच्या गोष्टी सांगत असतील?’’

‘‘न्हाई रे बाबा. कधीच न्हाई. निस्ता पाऊस लागला की रातभर उठून बसायचे, दाराकडं बघत. मी बी बसायची.’’ त्यांनी बोट पदराला पुसलं आणि पुन्हा मशीनवर ठेवलं. ‘‘बघ बरं, आता लागला का?’’