थाळनेरची आजी आणि रेकॉर्डवरचं नाव

लता मंगेशकरांवरचा कुठलाही लेख उघडा. १९२९, इंदूर, मास्टर दीनानाथ, नाटक कंपनी, तंबोरा. आजोळ एका ओळीत उरकतं. ते आजोळ म्हणजे आपल्या धुळे जिल्ह्यातलं, तापीकाठचं थाळनेर.

आई शेवंती ही तिथल्या हरिदास लाड या गुजराती व्यापारी-जमीनदाराची लेक. आजीकडून छोटी लता पावागडचे गरबे शिकली. गरब्याची चाल घोळक्यानं उचलायची असते. शब्द स्वच्छ हवा, ठेका पायांना कळायला हवा. 'आनंदघन' या नावानं लताबाईंनी भालजी पेंढारकरांच्या 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'साधी माणसं' (१९६५) अशा चित्रपटांना दिलेल्या चाली ऐका. काम करता करता बाईला गुणगुणता याव्यात, अशा आहेत त्या. हे थेट थाळनेरहून आलं असा दावा मी करणार नाही. पण सगळं श्रेय वडिलांच्या तंबोऱ्याला देऊन मोकळं होणं मला पटत नाही.

बायकांच्या गाण्याला नाव मिळणं खानदेशात तरी कुठं सोपं होतं? जळगावच्या बहिणाबाई १९५१मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचं पुस्तक आलं १९५२मध्ये. तेही मुलानं, सोपानदेवांनी, वही जपली म्हणून.

मुंबईत तरी काय वेगळं होतं! 'महल' (१९४९)मधल्या त्या गाजलेल्या गाण्याच्या रेकॉर्डवर गायिका म्हणून आधी छापलं होतं 'कामिनी'. हे मधुबालाच्या पात्राचं नाव. आज तुमच्या मोबाइलवर गाण्याखाली गायिकेचं नाव आपसूक दिसतं. तेव्हा ते भांडून मिळवावं लागलं. फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पुरस्कारच नव्हता, म्हणून लताबाईंनी त्या सोहळ्यात गायला नकार दिला. १९५९मध्ये तो सुरू झाला आणि पहिला त्यांनाच मिळाला, 'मधुमती'साठी. पुढे गायकांच्या रॉयल्टीवरून मोहम्मद रफींशीही त्यांचं बिनसलं. मला त्यांच्या तानांइतकाच हा हट्टही मोठा वाटतो.

आणि हीच बाई स्वतःच्या चालींवर मात्र स्वतःचं नाव घालत नाही! 'साधी माणसं'च्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा आनंदघन म्हणजे कोण हे व्यासपीठावरून सांगावं लागलं. लताबाई समोर प्रेक्षकांतच बसल्या होत्या.