रात्रीचे राग आणि दहाचा ठोका

पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाविषयी बोलताना लोक गर्दीचे वर्णन करतात. मला ती गर्दी गप्प कशी बसे, याचेच अधिक नवल वाटते. १९५३ साली पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू केला. नव्वदीच्या दशकात, शाळकरी वयात, रमणबागेच्या मैदानावर घोंगडी लपेटून मी शेवटची रात्र जागवली आहे. पहाटे गारठ्याने बोटे आखडत, आणि ललत लागला की शेजारचा पेंगुळलेला गृहस्थही ताठ बसे. त्या रागाला पहाट उसनी आणावी लागत नसे.

२००० सालच्या नियमांनी, थोडी सवलत सोडली तर, रात्री दहानंतरचे ध्वनिवर्धक बंद केले. झोपू पाहणाऱ्या शेजाऱ्यांची बाजू खोटी नव्हे. दुपारच्या मुलतानीलाही त्यामुळे न्याय मिळाला. पण मालकंस घड्याळाकडे पाहत संपवावा लागतो. भव्य पडद्यावर गायकाच्या कपाळावरचा घाम दिसतो खरा. तो पाहता पाहता सुरावरचे ध्यान सुटते. दरबारीसाठी ताटकळणारा श्रोता त्या मैफलीचा निम्मा साथीदार होता, आणि हल्ली तो साडेनऊलाच चपला शोधू लागतो. समारोपाला सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रिका लावतात, तेव्हा मात्र उठलेलेही उभ्याउभ्या थांबतात.